चुकाऱ्याचा पैसा आणि मोबाईलवरचा भाव
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाचा चुकारा हाती आला की खताचा दुकानदार आणि सोसायटीचा सचिव आपली वाट पाहत असतात. आता आणखी एक जण वाट पाहतो. तो पोराच्या खिशातल्या मोबाईलमध्ये बसलेला आहे. "बिटकॉइन घ्या, शेअरसारखेच आहे," म्हणतो. खरेच सारखे आहे का, याचा हिशेब आज आपण मांडू.

शेअर म्हणजे धंद्यातला वाटा. धंद्याला नफा झाला तर वाटेकऱ्याला लाभांश मिळतो. भाव वरखाली होतो, पण त्याच्या खाली धंदा असतो. आपल्या कापसाचेही तसेच. २०२२च्या उन्हाळ्यात तो क्विंटलला दहा हजारांवर गेला आणि पुढे घसरला. तरी रुई गिरणीला लागतेच, सरकी घाण्याला लागतेच.

बिटकॉइन २००९ साली संगणकावर जन्माला आला. त्याची नाणी २ कोटी १० लाखांच्या वर निघणार नाहीत, हे खरे. पण नुसते कमी असणे म्हणजे पिकणे नव्हे. त्याच्या मागे ना कारखाना, ना पीक, ना नफा. आपल्यामागून येणारा जास्त देईल, एवढ्या आशेवर भाव उभा. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता आकडे पाहा. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९ हजार डॉलरच्या आसपास होता, सेन्सेक्स ६० हजारांच्या आसपास. समजा, आपल्यापैकी कोणी त्या चढत्या भावात चुकाऱ्याचे एक लाख गुंतवले आणि जून २०२२ मध्ये पेरणीसाठी परत मागितले. सेन्सेक्सच्या चालीने ८५ हजारांच्या आसपास मिळाले असते. बिटकॉइन २० हजार डॉलरच्या खाली गेला होता, म्हणजे तीस हजारही हाती आले नसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये सेन्सेक्स ६२ हजारांवर पोचला, तेव्हा बिटकॉइन १६ हजार डॉलरच्या आसपास होता.

कोणी म्हणेल, डिसेंबर २०२४ मध्ये तो एक लाख डॉलरवर गेला, त्याचे काय? गेला, नाकारत नाही. पण मृग तीन वर्षे थांबत नाही. ज्याला थांबता येते त्याचा खेळ वेगळा, आपला वेगळा.

शेअर पडले की बिटकॉइन सोन्यासारखा आधार देतो, असेही सांगतात. मार्च २०२० मध्ये करोनाच्या धास्तीने शेअरबाजार कोसळला. १२ मार्चला बिटकॉइनही पडला, एका दिवसात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. २३ मार्चला सेन्सेक्स दहा टक्के पडताच सौदे काही वेळ थांबवावे लागले. तसा नियमच आहे. बिटकॉइनच्या बाजाराला ना थांबा, ना सुट्टी. रात्री आपण झोपलेले असतो आणि भाव पडत असतो. २०२२ साली अमेरिकेने व्याजदर वाढवले, तेव्हाही दोन्ही एकदमच घसरले.

शेअरबाजार साधू आहे असे आम्ही म्हणत नाही. १९९२चा घोटाळा आपल्याला आठवतो. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांना टेकलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात साडेआठ हजारांपर्यंत आला. पण तिथे कंपनीला ताळेबंद दाखवावा लागतो, वर सेबी आहे. क्रिप्टोत सरकार दिसते ते मुख्यतः करापुरते. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही होत नाही.

बंदी घाला, असे आमचे मागणे नाही. ज्याचा पैसा, त्याची मर्जी. पण कोरडवाहू शेतकरी दर जूनमध्ये आभाळाशी एक जुगार खेळतोच. घरात दुसरा कशाला? बियाणे, खत, सोसायटीचा हप्ता आणि वर्षाची ज्वारी बाजूला काढा. उरलेच काही, तर बुडाले तरी चूल पेटेल एवढ्यानेच काय ते करा. आणि घरी गेल्यावर हा हिशेब पोरांसमोर, त्यांच्याच मोबाईलवर मांडा.