हेल्मेट हवं, पण गेटवर अडवणूक नको
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या बॅचने सायकलने येणाऱ्या मुलांना हेल्मेट भेट द्यायचं ठरवलंय. त्यासोबत एक सूचना आली आहे. हेल्मेट नसेल तर मुलाला सायकल घेऊन आत सोडू नये, असा नियम शाळेने करावा. यावरून आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जी जुंपली आहे, ती पाहून आपण चाळिशी ओलांडलेली माणसं आहोत यावर कुणाचा विश्वास बसणार नाही! अर्थात, पुण्यात हेल्मेट या विषयावर शांतपणे बोलणं अवघडच. दुचाकीच्या हेल्मेटसक्तीविरुद्ध जानेवारी 2019 मध्ये इथे झालेली आंदोलनं आपल्याला आठवत असतील. सायकलला मात्र तो कायदा लागू नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 129 मोटारसायकलपुरतं आहे. त्यामुळे इथला निर्णय आपला आणि शाळेचा आहे.

“तू इंजिनिअर, तूच निकाल लाव,” असं संयोजक म्हणाले. निकाल लावणारी मी कोण? पण सॉफ्टवेअरच्या कामात एक सवय लागते. वाद मिटत नसेल तर बहुधा दोन प्रश्नांचा गुंता झालेला असतो. आधी तो सोडवायचा.

पहिला प्रश्न: डोकं आपटलं तर हेल्मेट वाचवतं का? वाचवतं. आतला थर्मोकोलसारखा फोम चेपतो, डोकं थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो आणि मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. 2016 साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी 40 अभ्यास एकत्र तपासले. त्यांत 64,000 हून अधिक जखमी सायकलस्वार होते. हेल्मेट घातलेल्यांत डोक्याला गंभीर इजा होण्याची शक्यता सुमारे 69 टक्क्यांनी कमी आढळली. पण त्याला मर्यादाही आहे. युरोपीय मानकाच्या चाचणीत हेल्मेट साधारण दीड मीटरवरून पाडतात, म्हणजे आपटतानाचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आत. सायकलवरून पडण्यासाठी ते ठीक आहे. ट्रकच्या धडकेसाठी ते बनवलेलंच नाही.

दुसरा प्रश्न: सक्ती केली तर काय होतं? ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने 1990 साली सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. डोक्याच्या जखमा कमी झाल्या. पण त्याच सुमारास मेलबर्नमध्ये झालेल्या मोजणीत सायकल चालवणारी किशोरवयीन मुलंही बरीच कमी झालेली दिसली. जखमा हेल्मेटमुळे किती घटल्या आणि सायकली घटल्यामुळे किती, यावर तीस वर्षं वाद चालू आहे. म्हणजे पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्या माणसाने दुसऱ्यालाही ‘हो’ म्हटलंच पाहिजे, असं नाही.

काही जण म्हणतील, “एक जीव जरी वाचला तरी सक्ती योग्य.” भावना खरी आहे. पण ज्या मुलीचं हेल्मेट हरवलंय, ती गेटवरून परत पाठवल्यावर काय करेल? घरी सांगितलं तर दुसऱ्या दिवशी बाबांच्या स्कूटरवर मागे बसून येईल. बाबांना वेळ नसेल तर शाळा बुडेल. यांतल्या कशानेही तिचं डोकं सुरक्षित झालं असं मला वाटत नाही.

आणि आपटायची वेळ येते कशामुळे? नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं दगावली. त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा नावाची चळवळ उभी करून पालक रस्त्यावर आले. त्यांनी मागितलं ते वाहनांच्या वेगाला आवर आणि सायकलला वेगळी वाट. आज तिथली बहुतेक मुलं हेल्मेटविना शाळेत जातात. आपले रस्ते तसे नाहीत, म्हणून आपल्या मुलांना हेल्मेट हवंच. पण बॅकअप घेतला म्हणून हार्ड डिस्क बिघडायची थांबत नाही. हेल्मेट हा बॅकअप आहे.

म्हणून माझं म्हणणं असं. हेल्मेट देऊ या, आणि नवीनच देऊ या, कारण एकदा आपटलेल्या हेल्मेटचा फोम पुन्हा पूर्ववत होत नाही. देताना प्रत्येक मुलाच्या डोक्यावर ते नीट बसवू या. भुवयांच्या वर दोन बोटं, पट्टा हनुवटीखाली घट्ट. मागे सरकलेलं हेल्मेट म्हणजे नुसती टोपी. ऑफिसात दहा-बारा जादा हेल्मेट ठेवू या. ज्याचं हरवलंय, त्याने घरी जाताना तिथून उसनं न्यावं.

शेवटचं जरा बोचेल. शाळा सुटताना गेटसमोर तिहेरी रांगेत गाड्या लावणारे आपणच असतो, कारण आपल्यातल्या अनेकांची मुलं इथेच शिकतात. त्या गाड्यांना वळसा घालून सायकलवाली मुलं भर रस्त्यात जातात. गाडी दोनशे पावलं अलीकडे थांबवायला पैसे पडत नाहीत, ठरावही लागत नाही. गेटजवळ गतिरोधक आणि झेब्रा क्रॉसिंग मागणारं महापालिकेला द्यायचं पत्र मी लिहून आणलंय. ते नावनोंदणीच्या टेबलावर आहे. जेवणाला जाताना सही करा.