संगणक सुरू होताना अडतो तेव्हा



नंदुरबार जिल्ह्याचे नाव संगणकयुगात एका कारणाने देशभर पोहोचले. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावी देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप झाले. त्यानंतर दाखले, शिष्यवृत्ती, शिधावाटप अशी कितीतरी कामे संगणकाशी जोडली गेली. म्हणूनच सकाळी कळ दाबल्यावर यंत्र अर्ध्या वाटेत थांबले, तर सातपुड्याचा घाट उतरून आलेल्या माणसाचा दिवस वाया जातो. अशा वेळी काय करावे, हा आजचा विषय आहे.

संगणक एका झटक्यात सुरू होत नाही. प्रथम यंत्रातच साठवलेली आज्ञावली स्मृती व इतर भाग तपासते. मग दुसरी छोटी आज्ञावली कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, डिस्कवरून उचलून स्मृतीत आणते. कर्नल यंत्राच्या एकेका भागाशी बोलणे सुरू करतो. त्यासाठी प्रत्येक भागाचा ड्रायव्हर असतो. शेवटी तो डिस्कवरील मुख्य फाइलव्यवस्था जोडून पहिला कार्यक्रम चालू करतो. या साखळीतील एक कडी अडली की पुढचे सारे खोळंबते.

अडलेली कडी शोधण्याची पद्धत आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्स कर्नलचे उदाहरण घेऊ; सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली त्यावरच उभी आहे. सुरुवातीचे संदेश बहुधा ‘क्वाएट’ या सूचनेमुळे लपलेले असतात. ती काढली की ते पडद्यावर उमटतात. ‘इनिटकॉल डीबग’ ही सूचना दिल्यास कर्नलच्या प्रत्येक आरंभिक कामाची सुरुवात आणि समाप्ती नोंदली जाते. सुरुवात आहे, समाप्ती नाही, तेथे पहिला संशय घ्यावा. जुना कर्नल निवडून यंत्र चालले, तर दोष बहुधा नव्या बदलांत असतो. ते बदल हजार असले, तरी दर वेळी निम्मे वगळत गेल्यास सुमारे दहा चाचण्यांत दोषी बदल सापडतो.

या ज्ञानाचे मोल जगाला १९ जुलै २०२४ रोजी कळले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलमुळे तिचा कर्नलमध्ये चालणारा ड्रायव्हर कोसळू लागला आणि विंडोज कार्यप्रणालीचे सुमारे ८५ लक्ष संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्याची पाळी आली. कंपनीने सुमारे दीड तासाच्या आत ती फाइल मागे घेतली. परंतु जे यंत्र पूर्ण सुरूच होत नाही, त्याला दुरून पाठविलेला उपाय मिळणार कसा? असंख्य ठिकाणी माणसाने यंत्रापाशी जाऊन, ते ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून, ती एक फाइल पुसावी लागली. डिस्क कुलूपबंद असेल तेथे आधी तिची पुनर्प्राप्ती-किल्ली शोधावी लागली.

धडगाव किंवा मोलगीच्या शाळेला यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. सुरू होताना अडलेल्या यंत्राजवळ जाणता माणूस हवा. पडद्यावरील शेवटची ओळ जशीच्या तशी उतरून घ्यावी. नुकतीच जोडलेली जास्तीची उपकरणे एकेक करून काढावीत; एका वेळी एकच बदल करावा. कोणता बदल कधी केला, याची नोंदवही ठेवावी, आणि डिस्कची किल्ली कागदावर लिहून कपाटात सुरक्षित ठेवावी. डिस्क कोरी करण्याची घाई मात्र कोणी करू नये. कर्नल अडला म्हणजे माहिती नष्ट झाली असे नव्हे. पुष्कळदा ती डिस्कवर सुरक्षित असते आणि घाईच्या हातानेच नाहीशी होते.

शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांनी एवढी शिस्त पाळली, तर यंत्र अडले तरी गावचे काम फार काळ अडणार नाही.