गाठ गेली, आता शुगर सांभाळू या

आम्ही बचत गटाच्या बायका आज जरा अवघड विषयावर बोलणार आहोत. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपवून बाई घरी येते, त्यानंतर तिच्या ताटात काय असावं आणि तिची शुगर कशी सांभाळावी, हा तो विषय. भारतात बायकांमध्ये सगळ्यांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे. गाठ लवकर सापडली, उपचार पूर्ण झाले, तर कितीतरी बायका पुढे वर्षानुवर्षे जगतात. म्हणूनच ऑपरेशननंतरच्या त्या वर्षांबद्दल बोलायला हवं.

आमच्या गटांमधल्या तिघीजणी या आजारातून गेल्या आहेत. तिघींनाही गावातून एकच सल्ला मिळाला, "साखर बंद कर, कॅन्सर साखरेवर वाढतो." एकीने साखरेबरोबर भात, भाकरी, केळी, दूध सगळंच सोडलं. दोन महिन्यांत तिचे ब्लाऊज ढिले झाले आणि कळशी उचलेनाशी झाली. तपासणीला गेली तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा हेच विचारलं, "ताई, तुम्ही जेवता काय?"

यातलं खरं काय ते नीट समजून घेऊ. आपल्या अंगातली प्रत्येक पेशी साखर वापरते. भाकरी खाल्ली, भात खाल्ला, तरी पोटात त्याची साखरच होते. आपण खाणंच बंद केलं तर यकृत अंगातल्या साठ्यातून साखर तयार करतं, आणि दंडा-मांड्यांचं मांस झिजतं. म्हणजे आजाराला उपाशी मारायला जावं, तर बाईच उपाशी मरते.

पण याचा अर्थ कितीही गोड खावं असा नाही. गोड आणि तळलेलं जास्त झालं की वजन वाढतं. पाळी गेल्यानंतर अंगावरच्या चरबीतून इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक तयार होत राहतं, आणि स्तनाचे बरेचसे कॅन्सर त्याच संप्रेरकावर वाढणारे असतात. शिवाय वजनाबरोबर शुगर, बीपी, हृदयाचा त्रासही येतो. आणि बायांनो, गूळ म्हणजेही साखरच. गुळाचा चहा शुगरला चालतो, हे मनातून काढून टाका.

उपचारानंतर शुगर का वाढते? केमोच्या वेळी उलटी होऊ नये, ऍलर्जी येऊ नये म्हणून अनेकदा स्टेरॉइड देतात. त्याने काही दिवस शुगर चढते. काहींची पाळी लवकर जाते. थकव्याने कामं कमी होतात आणि वजन वाढतं. त्यामुळे आधी कधीच शुगर नसलेल्या बाईनेही रक्त तपासून घ्यावं. उपाशीपोटीचा आकडा 100 च्या आत असेल तर ठीक. 100 ते 125 म्हणजे सीमेवर. 126 किंवा त्याहून जास्त असा आकडा पुन्हा तपासूनही आला, तर मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी नावाची तपासणी असते. ती 5.7 च्या खाली हवी, 6.5 पासून पुढे मधुमेह धरतात. मात्र अंगात रक्त कमी असेल किंवा रक्त चढवलं असेल तर हा आकडा फसवू शकतो. तेव्हा ते डॉक्टरांना आठवणीने सांगा.

आता ताटाकडे वळू. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबिरीचं. पाव ताट भाकरी किंवा भात. उरलेलं पाव ताट मटकी, चवळी, हुलगे, घट्ट वरण, अंडं, मासे यातलं काहीतरी. दूध-दही झेपेल तसं. यासाठी बाजारातला महागडा डबा लागत नाही. नाचणीचं पातळ गोड सत्त्व पिण्यापेक्षा नाचणीची भाकरी उसळीबरोबर खाल्ली तर शुगर सावकाश चढते. उपवासाला साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ खाणं, त्याने शुगर भराभर वाढते. आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

चहाचा हिशेब आम्ही बैठकीत मांडला. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे, म्हणजे दहा चमचे साखर. वजनात ती 40 ग्रॅमच्या वर जाते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाची साखर 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. आता आमच्या बैठकीत चहा अर्ध्या कपाचा आणि साखर वेगळ्या वाटीत.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. आहार म्हणजे कॅन्सरचं औषध नव्हे. अमेरिकेत या आजारातून बाहेर पडलेल्या तीन हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास झाला, त्याचा निष्कर्ष 2007 साली आला. अर्ध्या बायकांनी भाज्या-फळं खूप वाढवली, तेल-तूप कमी केलं. सुमारे सात वर्षांनी पाहिलं, तर आजार परत येण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच होतं. म्हणून कोणाचा आजार उलटला तर "तिने पथ्य पाळलं नाही" असं बोलू नका. ते खरंही नसतं आणि त्या बाईला फार लागतं. चांगलं जेवायचं ते ताकदीसाठी, हृदयासाठी, शुगरसाठी. तसंच मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीचं. मधुमेह नसलेल्या साडेतीन हजारांहून जास्त बायकांवरचा अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला; त्या गोळीने आजार परत येणं कमी झालं नाही. मधुमेह असेल तर ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून जरूर घ्या, पण शेजारणीच्या पाकिटातली घेऊ नका. काढा, कारल्याचा रस, गुळवेल यांचंही तसंच, आधी विचारा. आणि कॅन्सरची पाच-दहा वर्षांची गोळी आपल्या मनाने कधीच बंद करू नका.

तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. पहिली, घाम. कॅन्सरच्या गोळीने अंगातून वाफा येतात, घाम फुटतो. शुगर खाली गेली तरी घाम फुटतो, पण तेव्हा बहुधा हात थरथरतात, डोकं हलकं होतं, भूक कासावीस करते. शुगरचं औषध चालू असेल तर लगेच शुगर तपासा. आकडा 70 च्या खाली असेल किंवा तपासायला यंत्र नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. त्या वेळी साखर हेच औषध.

दुसरी, पाय. काही केमोने तळपाय बधिर होतात, मधुमेहानेही होतात. काटा रुतलेला कळत नाही. रानात अनवाणी जाऊ नका, रात्री दिव्याखाली तळपाय पाहा.

तिसरी, हात. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येऊ शकते, जखम झाली तर ती चिघळू शकते. सुई, बीपीचा पट्टा, शुगरसाठी बोट टोचणं, शक्यतो दुसऱ्या हाताला. त्या हाताने खुरपताना, भांडी घासताना हातमोजा घाला. हात लाल झाला, गरम लागला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि चालणं. डॉक्टरांनी परवानगी दिली की आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास. एका दमात होत नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा. चुलीपुढची धावपळ त्यात मोजू नका.

हे सगळं ऐकून एक वहिनी म्हणाल्या, "पाव ताट उसळ म्हणता, पण आमच्या ताटापर्यंत उसळ येतेच कुठे?" बरोबर आहे. बाई शेवटी जेवते. तोवर भाजी संपलेली, उसळीचा रस्सा तेवढा उरलेला. मग ती भातावर भात घेते. शुगर तिथेच वाढते आणि अशक्तपणाही तिथेच येतो. म्हणून आमच्या गटांनी ठरवलं की आजारातून उठलेल्या बाईचं ताट आधी वाढायचं, आणि हे घरी तिने एकटीने सांगायचं नाही, आम्ही दोघी-तिघी जाऊन तिच्या सासूबाईंशी, घरधन्याशी बोलायचं. दोन घरांत ऐकलं. तिसऱ्या घरी अजून जातो आहोत.

पैशावरूनही वाद झाला. काहीजणी म्हणाल्या, कर्ज शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी. दवाखान्याच्या फेऱ्यांना दिलं तर परत कसं येणार? त्यांची काळजी खोटी नव्हती, पैसा सगळ्यांचा आहे. शेवटी असं ठरलं की तपासणीच्या प्रवासापुरती छोटी रक्कम बिनव्याजी द्यायची, आणि गटाच्या पैशातून शुगर तपासायचं एक यंत्र घ्यायचं. सुई मात्र प्रत्येकीची वेगळी, एकदा वापरली की डब्यात बंद.

तीस वर्षांपुढच्या प्रत्येकीची शुगर, बीपी आणि स्तनांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारा, त्या फॉर्म भरून घेतात. एकटीला संकोच वाटत असेल तर चौघीजणी मिळून जा. आम्हीही असंच गेलो होतो. येताना ओट्यात शेवग्याच्या शेंगा घेऊन आलो.