रेणूचा भार: एक सूत्र, तीन आकडे

रेणूचा भार काढायचा म्हणजे त्यातल्या अणूंच्या भारांची बेरीज करायची. बेरीज सोपी आहे. अणूचा भार कोणता धरायचा, हा खरा प्रश्न. केमड्रॉ, आरडीकिट यांसारखी सॉफ्टवेअर एकाच रेणूसाठी सरासरी रेणुभार आणि नेमके वस्तुमान असे दोन आकडे देतात. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. समस्थानिक म्हणजे काय, हे या सभागृहात सांगत बसण्याचे कारण नाही.

शिरोड्याचे मिठागर १९३०च्या सत्याग्रहामुळे सर्वांना ठाऊक आहे. तिथल्या मिठातले क्लोरीनचे अणू दोन प्रकारचे: शंभरातले सुमारे ७६ अणू ३४.९६९ डाल्टनचे आणि २४ अणू ३६.९६६ डाल्टनचे. तक्त्यातला ३५.४५ हा त्यांच्या प्रमाणानुसार काढलेला सरासरी आकडा. एवढ्या भाराचा क्लोरीनचा अणू जगात एकही नाही. तराजू मात्र अब्जावधी अणू एकदम तोलतो, म्हणून तिथे सरासरीच बरोबर. मास स्पेक्ट्रोमीटर रेणूंची भारानुसार वाटणी करतो. तिथे सरासरीला जागा नाही.

रातांब्याच्या सालीत गार्सिनॉल नावाचे पिवळे द्रव्य असते. सोलकढी पिताना त्याचा रेणुभार कोणी विचारत नाही, हे मान्य. पण प्रयोगशाळेत सालीचा अर्क तपासणाऱ्याला तो लागतोच. रेणूत कार्बनचे ३८, हायड्रोजनचे ५० आणि ऑक्सिजनचे ६ अणू. सरासरी भारांनी बेरीज ६०२.८१ येते. प्रत्येक मूलद्रव्याचा सर्वाधिक आढळणारा समस्थानिक, म्हणजे कार्बन १२.००००००, हायड्रोजन १.००७८२५ आणि ऑक्सिजन १५.९९४९१५ धरला, तर ६०२.३६०७. फरक अर्ध्या डाल्टनच्या आतला. हा फरक किरकोळ नाही. चांगले यंत्र हजाराव्या भागापर्यंत वाचते, आणि सरासरी आकडा घेऊन शोधणाऱ्याला गार्सिनॉल समोर असूनही सापडत नाही.

यंत्राच्या आलेखात गार्सिनॉलचे शिखर उमटते. त्या शिखराशेजारी एक डाल्टन पुढे दुसरे शिखर दिसते. निसर्गातल्या कार्बनपैकी सुमारे १.१ टक्के अणू कार्बन-१३चे असतात. रेणूत कार्बन ३८ असल्याने दुसऱ्या शिखराची उंची पहिल्याच्या सुमारे ४१ टक्के भरते. कार्बन किती, याचा अंदाज या उंचीवरूनच बांधता येतो. विद्यार्थ्याने ही बेरीज एकदा तरी हाताने करावी आणि मगच सॉफ्टवेअर उघडावे. वेळ वाया जातो, असा आक्षेप नेहमी येतो. जात नाही. बटण दाबून आलेला आकडा कुठल्या समस्थानिकांतून आला, हे त्याशिवाय उमगत नाही.

तिसरा आकडा ब्रोमीनमुळे येतो. भूमध्य समुद्रातल्या म्युरेक्स शंखांपासून मिळणारा जांभळा रंग प्राचीन काळी राजवस्त्रांसाठी वापरला जाई. त्याची रचना पॉल फ्रिडलेंडर यांनी १९०९ मध्ये ठरवली. त्यासाठी १२,००० शंख लागले आणि हाती रंग आला जेमतेम १.४ ग्रॅम. आजच्या यंत्रांच्या काळात त्या चिकाटीची आठवण ठेवायला हवी: एवढ्याशा रंगातून त्यांनी रेणूत ब्रोमीन आहे, किती आहे आणि कुठे आहे, हे सिद्ध केले. द्रव्य होते डायब्रोमोइंडिगो. त्याचा सरासरी भार ४२०.०६. सॉफ्टवेअर नेमके वस्तुमान ४१७.८९५ सांगते, कारण ते दोन्ही ब्रोमीन ७९चे धरते. पण ब्रोमीन-७९ आणि ब्रोमीन-८१ निसर्गात जवळपास निम्मे निम्मे असल्याने एक ७९चा आणि एक ८१चा, अशी जोडी सर्वांत जास्त वेळा जमते. म्हणून सर्वांत उंच शिखर ४१९.८९३वर येते. सॉफ्टवेअरने सांगितलेल्या जागी त्याच्या निम्म्याच उंचीचे शिखर असते.

शंखांनी बराच वेळ घेतला. उरलेले दोन मुद्दे थोडक्यात. यंत्र आयन मोजते. गार्सिनॉलला प्रोटॉन जोडला की १.००७२८ मिळवायचे, हायड्रोजन अणूचे १.००७८३ नव्हे, कारण एक इलेक्ट्रॉन कमी असतो. दुसरा मुद्दा दशांश स्थळांचा. नमुना कुठून आला, यावर समस्थानिकांचे प्रमाण किंचित बदलते. म्हणून आययुपॅक ही आंतरराष्ट्रीय संस्था आता कार्बनचा अणुभार १२.००९६ ते १२.०११६ अशा मर्यादेत देते. हायड्रोजन आणि ऑक्सिजनलाही तशाच मर्यादा आहेत. त्या धरल्या तर गार्सिनॉलचा सरासरी भार ६०२.७५ ते ६०२.८४ यांमध्ये कुठेही असू शकतो. सॉफ्टवेअरने ६०२.८१२ दाखवले, तरी वहीत ६०२.८ लिहावे. नेमक्या वस्तुमानाची चारही दशांश स्थळे मात्र जशीच्या तशी ठेवावीत.