पूर्वजांचे ताट व आपले आरोग्य

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी आपल्या वाडवडिलांच्या श्रद्धेचे व श्रमांचे स्मरण पूर्वीच्या वक्त्यांनी केले, ते योग्यच झाले. आम्ही मात्र त्यांच्या ताटाचे स्मरण करू इच्छितो. विषय ऐकून कोणास हसू येईल. परंतु आजाऱ्यांस ख्रिस्तप्रसाद देण्याकरिता घरोघर जाताना जे आमच्या दृष्टीस पडते, ते हसण्याजोगे नाही. पूर्वी अंथरुणास खिळलेला मनुष्य म्हणजे बहुधा वृद्ध, असे आपण समजत असू. आता पन्नाशीतील, क्वचित चाळिशीतील कर्ता पुरुष पक्षाघाताने पडलेला दिसतो. मधुमेहाने कोणाचा पाय कापावा लागलेला असतो. कोणी भगिनी मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे आठवड्यातून दोन-तीन वेळा डायालिसिसकरिता रुग्णालयाची वाट चालत असते. एकाच्या व्याधीने साऱ्या कुटुंबाची घडी विसकटते व मुलांच्या शिक्षणाकरिता ठेविलेला पैसा औषधांत जातो.

हे दुःख आपल्या गावापुरतेच नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर १ लक्ष १३ हजार लोकांची पाहणी करण्यात आली. तिचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांस मधुमेह व ३१ कोटी ५० लक्ष लोकांस उच्च रक्तदाब आहे, असे त्यावरून अनुमान निघाले. मधुमेहाचे प्रमाण सर्वांत अधिक कोठे आढळले? आपल्या शेजारच्या गोव्यात, म्हणजे शेकडा २६.४. ही गणना धर्मवार नव्हती. तथापि भात, मासळी व समुद्रकिनारा हे गोव्याप्रमाणेच आपलेही असल्यामुळे आपण सावध व्हावे हे बरे.

आता आपल्या वाडवडिलांकडे वळू. राई, मुर्धा, मोर्वा, डोंगरी, उत्तन, पाली व चौक येथील माणसे भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर निर्वाह करीत. सकाळी पेज, दुपारी भात किंवा तांदळाची भाकरी, तिच्यासोबत वाल, चवळी अथवा मूग. वाडीतील वांगी, दुधी, शिराळी, माठ व शेवग्याचा पाला. पावसाळ्यात रानातील टाकळा व कुर्डू. आणि कालवणापुरती मासळी. मांस सणासुदीचे व लग्नकार्याचे. गोड पदार्थ नाताळात. त्यांचे दिवस सुखाचे होते असे आम्ही म्हणत नाही. साथीच्या रोगांनी त्यांची पुष्कळ लेकरे अकाली नेली, व ते साधे अन्न त्यांनी बहुतेक दारिद्र्यामुळे खाल्ले. परंतु जे त्यांच्या वाट्यास गरिबीने आले, तेच आज वैद्य धनवानांस लिहून देत आहेत, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

एका तांदळाचेच उदाहरण घ्या. घरोघरी उखळ-मुसळाने कांडलेल्या तांदळावर थोडा कोंडा शिल्लक राही. गिरणीने तांदूळ शुभ्र केला व तो कोंडा नाहीसा केला. सन १८९० नंतरच्या दशकात जावा बेटात ख्रिस्तियान आइकमन या डच वैद्याने पाहिले की, सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात व कोंडा दिल्यास त्या बऱ्या होतात. माणसांत त्याच जातीच्या रोगास बेरीबेरी म्हणतात. त्या रोगाच्या चौकशीकरिता १९१८ साली आपल्या देशात कुन्नूर येथे एक लहानशी शाखा निघाली. हैदराबादची आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. आज बेरीबेरी क्वचितच दिसते. परंतु कोंड्यासह धान्यातील चोथा गेल्याने रक्तातील साखर त्वरेने वाढते, हे नवे संकट उभे राहिले आहे. त्याच संस्थेने २०२४ साली आहाराचे नियम पुनः प्रसिद्ध केले. प्रौढ माणसाने दररोज सुमारे ४०० ग्रॅम भाजी व १०० ग्रॅम फळे खावी, धान्याचा भाग आटोक्यात ठेवून डाळी-कडधान्ये वाढवावी, असा त्यांचा आशय आहे. आपल्या ताटात भाताचा डोंगर व भाजीचा एक चमचा असतो. तेथे हे प्रमाण कोठून यावे?

दुसरी गोष्ट सणाची. सोरपोटेल, इंद्याल, फुगे, बाटलीच्या मसाल्याचे मटण, हे आपल्या लोकांचे वैभव आहे. ते टाकून द्या असे आम्ही कदापि सांगणार नाही. परंतु सण वर्षातून मोजक्या दिवशी येई, म्हणून तो सण होता. आता प्रत्येक रविवार सण, प्रत्येक वाढदिवस सण, आणि सायंकाळी आगगाडीतून उतरताच तळलेले पदार्थ घेऊन घरी जाणे हाही नित्याचा सणच. सण रोज आला म्हणजे आनंद वाढत नाही, व्याधी मात्र वाढते.

कोणी म्हणेल, आपण शुक्रवार पाळतो व प्रायश्चित्तकाळही पाळतो. खरे आहे; परंतु मांस वर्ज्य करून मोठ्या पापलेटाचे तळलेले तुकडे ताटात घेतले, तर नियमाचे अक्षर राहिले व संयम गेला. दानिएलाच्या ग्रंथात काय सांगितले आहे ते आठवा. राजाच्या पंक्तीचे अन्न व द्राक्षारस नाकारून त्या चौघा तरुणांनी दहा दिवस केवळ शाकाहार व पाणी घेतले, आणि त्यांची मुद्रा इतरांहून अधिक टवटवीत दिसली. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांस चतुष्पाद प्राण्यांचे मांस वर्ज्य सांगितले. अशक्त आजाऱ्यांस मात्र मोकळीक ठेविली.

अर्वाचीन काळचा दाखलाही ख्रिस्ती लोकांचाच आहे. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथात पुष्कळ लोक शाकाहारी आहेत. अमेरिका व कॅनडा येथील त्यांच्या ७३ हजारांहून अधिक जणांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्याच पंथातील मांसाहारी लोकांच्या तुलनेने शाकाहारी लोकांत मृत्यूचे प्रमाण शेकडा १२ ने कमी आढळले. अर्थात शाकाहार म्हणजे साखर, तूप, वनस्पती तूप व भजी नव्हेत. तसे असते तर शाकाहारी घरांत मधुमेह शिरलाच नसता.

आता थोडे नेम सांगतो. पहिला, ताटाचा अर्धा भाग भाजीने भरावा, पाव भाग डाळ-कडधान्याचा व पाव भाग भात-भाकरीचा असावा. मासळी घ्यावयाची तर कालवणातील घ्यावी, तळलेली नव्हे. दुसरा, मीठ. भाईंदरच्या मिठागरांनी दूरवर मीठ पुरविले, म्हणून आपणच ते अधिक खावे असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढास दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या चमचाभराच्या आत, मीठ सांगितले आहे. खारविलेली सुकी मासळी, लोणचे व पापड एकाच पंक्तीस बसले म्हणजे ही मर्यादा कधी ओलांडली जाते ते कळतही नाही. तिसरा, चालणे. आपल्या आज्या मासळीची पाटी डोक्यावर घेऊन कोसच्या कोस चालत. आपण देवळाच्या दारापर्यंत रिक्षा आणतो. आठवड्यास १५० मिनिटे झपाट्याने चालणे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, एवढे तरी करावे. चौथा, तंबाखू अजिबात सोडावी व मद्यापासून दूर राहावे. पाचवा, तिशी उलटताच रक्तदाब व साखर तपासून घ्यावी; आणि जे औषध घेत आहेत त्यांनी वैद्यास विचारल्यावाचून ते बंद करू नये. आहार औषधास साहाय्य करतो, त्याची जागा घेत नाही.

या नेमांचा भार एकट्या गृहिणीवर टाकू नये. ती भाजी शिजवील आणि घरधनी व मुले ताट बाजूस सारतील, तर दोष तिचा कसा? घराने मिळून ठरवावे, वडीलधाऱ्यांनी आधी जेवून दाखवावे.

शेवटी एक विनंती. महोत्सवाच्या सहभोजनात मांसाच्या बरोबरीने वालाची उसळ, दोन हिरव्या भाज्या व फळे असावीत आणि रंगीत गोड पेयांऐवजी पाणी व ताक असावे, असे आम्ही समितीस सुचविले आहे. काही जणांस ते रुचले नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. त्यांस आमचे एवढेच सांगणे की, पुढील महोत्सवास आपण सर्वांनी या मंडपात आपल्या पायांनी चालत यावे, अशी आमची इच्छा आहे. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. देवळाची डागडुजी आपण वेळच्या वेळी करतो; तशीच या मंदिराचीही करू या. परमेश्वर आपणां सर्वांस दीर्घायुष्य व आरोग्य देवो.