जात्यावरच्या ओव्यांचा ठेवा

चऱ्होलीच्या इंद्रायणीकाठी आज उंच इमारती दिसतात. विजेची गिरणी येण्याआधी या पट्ट्यात पहाटे घराघरांत जातं फिरायचं. दळणाऱ्या बायका ओव्या गायच्या: माहेरच्या, भावाच्या, सासुरवासाच्या, शेजारच्या आळंदीच्या ज्ञानोबाच्या. जातं थांबलं आणि गळ्यांतल्या ओव्याही ओसरू लागल्या.

पुण्यातल्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटव्हां यांनी 1980च्या दशकात या ओव्या टिपायला सुरुवात केली. स्थानिक कार्यकर्ते गावोगाव बायकांशी बोलले. ओवी, गाणारीचं नाव, गाव आणि विषय अशी पद्धतशीर नोंद झाली. हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या जमल्या.

पण ओवी कागदावर अर्धीच उतरते. चाल हवी, आवाज हवा. ते ध्वनिमुद्रणाचं काम बर्नार्ड बेल या संगीत अभ्यासकानं 1990च्या दशकात हाती घेतलं. मुळशीतल्या कोळवड्यासारख्या गावांतले आवाज त्यामुळे टिकले. पॉइटव्हां 2004 साली गेले, राईरकर 2010 साली. 2017पासून ‘परी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया हा ठेवा इंटरनेटवर प्रसिद्ध करत आहे.

असं काम महाराष्ट्राबाहेरही झालं आहे: अरुणाचल-आसाममधल्या तांगसा लोकांच्या बोली आणि गाणी अभ्यासकांनी अशीच ध्वनिमुद्रित केली आहेत.

तुमच्या घरात ओव्या येणारी आजी असेल, तर तिला विचारून मोबाइलवर त्या टिपा. सोबत तिचं नाव, गाव आणि तारीखही नोंदवा.