विम्याचा दलाल : कोणाचा माणूस?



‘दलाल’ हा शब्द कानी पडला की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. कर्जत-खालापुरात तर जमिनीच्या दलालाशी गाठ न पडलेला खातेदार विरळाच! तेव्हा विम्याच्या दलालाविषयी बोलण्यापूर्वी आमचीच फजिती सांगितलेली बरी.

कर्जतला उल्हास नदीपासून जवळच आमचे धान्याचे दुकान होते. त्याचा आगीचा विमा एका परिचित एजंटाकडून उतरविला. “हप्ता थोडा कमी करून देतो,” असे तो म्हणाला. आम्ही खूश होऊन न वाचताच सही ठोकली. २६ जुलै २००५ रोजी पुराचे पाणी दुकानात शिरले. गोण्या भिजून गेल्या. पॉलिसी काढून पाहतो तो काय! आगीच्या विम्यात वादळ-पुराचे संरक्षण सामान्यतः असते. ते वगळले की हप्त्यात सूट मिळते. आमची सूट ती हीच! त्या गृहस्थाने फसविले असे आम्ही म्हणत नाही. हप्त्याखेरीज आम्ही त्याला दुसरे विचारले तरी काय होते?

एजंट हा कंपनीचा प्रतिनिधी. दलाल हा ग्राहकाचा. अनेक कंपन्यांचे दर व अटी ग्राहकापुढे मांडणे आणि नुकसान झाल्यावर दाव्याच्या कामी त्याला साहाय्य करणे, हे दलालाचे काम. १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण आले आणि २००२ साली दलालांसाठी नियम झाले. त्याला दलाली मात्र बहुधा कंपनीच देते. मग तो आपला कसा, अशी शंका कोणी घेईल. शंका रास्त आहे. म्हणूनच दलाली किती मिळते, हे त्याला स्पष्ट विचारावे. त्याची नोंदणी प्राधिकरणाच्या यादीत पडताळावी. हप्त्याचा चेक विमा कंपनीच्या नावे लिहावा. पूर्वी ज्यांचे दावे त्याने हाताळले, अशा दोघा-तिघांना भेटावे.

परंतु दलाल कितीही चांगला असला, तरी आपण लपविलेले त्याला कसे दिसणार? भातगिरणीची खरी किंमत १० लाख, आणि हप्ता वाचावा म्हणून विमा ५ लाखांचाच उतरविला, असे समजा. २ लाखांचे नुकसान झाले, तर सरासरीच्या अटीप्रमाणे हाती येतो १ लाख. पॉलिसीत ही अट आहे की नाही, हे आधीच विचारावे. ओढा किती जवळ आहे, मागे डोंगर आहे काय, माळ्यावर काय साठविले आहे, हे सारे त्याला लेखी सांगावे. नुकसान होताच कंपनीला व दलालाला कळवावे, आणि सर्व्हेयर पाहून जाईपर्यंत भिजला माल फेकू नये.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. गेलेली माणसे कोणताही विमा परत आणीत नाही. पण मागे राहिलेल्यांना पुन्हा चूल मांडावी लागतेच.

आता आगोटीची खरेदी सुरू होईल. मीठ-मसाला, लाकूडफाटा, सुकी मासळी आपण आठवणीने भरून ठेवतो. त्याच दिवशी ट्रंकेतली पॉलिसीही बाहेर काढा, आणि ‘पूर’ हा शब्द तीत आहे की नाही, तेवढे पाहा. आम्ही पाहिला नव्हता.